टंचाई शाखेची तालीम

नोकरीत रुजू व्हायच्या दिवशी काय काय करावं लागतं, ते मला घरून सगळं पढवून पाठवलं होतं. वरिष्ठांना नमस्कार करायचा, कुणाच्या खुर्चीवर चुकून बसायचं नाही, पहिल्याच दिवशी रजेचा विषय काढायचा नाही. ओला पंचा पिळावा लागतो, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

"पिळा," बाई म्हणाल्या.

मी टंचाई शाखेच्या दारात उभा. काखेत नेमणुकीचा कागद, हातात ओला पंचा. टेबलांवरून दोन माणसं माझ्याकडं बघत होती. मी पंचा पिळला. चेहरा लाल होईस्तोवर पिळला, आणि आता यात थेंबभर पाणी उरलं नाही असं वाटल्यावर बाईंच्या हातात दिला. बाईंनी बोलता बोलता त्याला आणखी एक पीळ दिला. बारीक धार लागली. खाली सदाफुलीची कुंडी मुद्दाम ठेवलेली होती, ती धार तिच्यात पडली. दुष्काळाचं साल होतं, पाणी वाया जाऊन चालणार नव्हतं.

"गाव कोन्तं?"

"अर्धापूर."

"तरीच. केळीचं गाव. हात न्हवं, केळीचा गाभा हाय."

त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि मी 'अर्धापूर' झालो. बाई सगळ्यांनाच गावावरून हाक मारायच्या. जिल्हा नवा होता, माणसं दहा ठिकाणांहून गोळा केलेली. इतकी नावं कोण लक्षात ठेवणार, असं त्यांचं म्हणणं. माझ्या शेजारच्या टेबलावर 'निलंगा' बसायचे, खिडकीजवळ 'उदगीर'. एकटे आमचे शिपाई तेवढे 'मामा'. ते मूळचे इथले, लातूरचेच होते आणि एका लातूरकराला लातूर म्हणून हाक मारली तर अख्खं गाव वळून बघेल, असं बाई म्हणायच्या.

ऑफिसही आमच्यासारखंच गोळा केलेलं होतं. सरकारी इमारत अजून व्हायची होती. तोवर बाजारातलं एक तुरीचं गोदाम भाड्यानं घेतलं होतं. पंखा लावला की कुठून तरी डाळीचा भुगा उडायचा. दारावरच्या पाटीवर नव्या जिल्ह्याचं नाव लिहिलेलं, पण जुन्या जिल्ह्याचं नाव पांढऱ्या रंगाखालून डोकावायचं. टपालवाल्याचा अधूनमधून गोंधळ व्हायचा.

बाई आमच्या शाखेच्या अव्वल कारकून. देवणीकडच्या. ठेंगण्या, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, नाकावर घसरणारा चष्मा. बघणाऱ्याला वाटावं, शाळेत शिवण शिकवत असतील. पण त्यांनी बंद केलेलं शाईच्या बाटलीचं टोपण दुसऱ्या कुणाला उघडायचं नाही. कपाटाचं अडकलेलं कुलूप, फुगलेलं दार, सीलबंद पोतं, काहीही असो, मामा आधी बाईंना हाक मारायचे आणि मग पक्कड शोधायचे.

आमचं काम बैठं. कुठल्या गावाची विहीर आटली, कुठल्या गावाला टँकर लागणार, कुठला बंद करायचा, याचे प्रस्ताव लिहायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोकं आणि पेन. बाईंचं म्हणणं असं, की डोक्यानं काम करणाऱ्या माणसाला वाटतं, हात आपल्याला फक्त डबा खायला दिलेत.

"मूठ ढिली झाली की अक्षर ढिलं," त्या बोटं मोडत सांगायच्या. "अक्षर ढिलं की मजकूर ढिला. मजकूर ढिला की वरचा सायब म्हनतो, नीट लिहून आना. अन तेवढ्यात गावाला चार दिस पानी न्हाई. मूठ आवळा, अर्धापूर, मूठ!"

म्हणून रोज चारच्या चहाआधी टंचाई शाखेत तालीम भरायची. सामान कपाटावर असे. सायकलच्या ट्यूबचे तुकडे दाबायला. अर्ध्या विटा चिमटीत धरून उभं राहायला. घमेलंभर किडकी ज्वारी, तिच्यात कोपरापर्यंत हात खुपसून मुठी वळायच्या. रद्दी पेपरचं एक टोक धरून, दुसरा हात न लावता, अख्ख्या पानाचा बोळा करायचा. शेवटी पाची बोटांना रबर अडकवून ती उघडायची. हे आम्हाला सगळ्यात अवघड जायचं.

"मिटायला सगळ्यांलाच येतं," बाई म्हणायच्या. "सरकारी मानसाला उघडायला शिकवावं लागतं."

पण दर तिसऱ्या दिवशी सुट्टी. आम्हाला सुट्टीचं फार कौतुक. एकदा उदगीरकर हौसेनं सुट्टीच्या दिवशीही वीट धरून उभे राहिले, तर बाईंनी ती काढून घेतली. "हात काय सरकारी जीप हाय का, रोज पळवायला? बैलाला बी पोळा असतोय."

या तालमीमुळं शाखेत काही भानगडीही व्हायच्या. निलंगेकरांनी एकदा रद्दी समजून एका प्रस्तावाचाच बोळा केला. तोही उत्तम, एका हातानं. बाईंनी शाबासकी दिल्यावर लक्षात आलं. तोच प्रस्ताव तातडीनं वर जायचा होता. मामा तो घेऊन पळत लॉन्ड्रीत गेले आणि इस्त्री करून आणला. वरच्या ऑफिसातून पुढं शेरा आला, की टंचाई शाखेचे कागद अलीकडं फार व्यवस्थित येतात. बाईंनी तो शेरा तालमीच्या खात्यावर जमा केला.

आणखी एकदा टँकरचा एक ठेकेदार पेढे घेऊन आला. त्याचा कागद चार कागदांच्या वर घ्यावा, एवढीच त्याची विनंती. बाईंनी त्याला अर्धी वीट दिली. "ही चिमटीत धरून हुबं ऱ्हावा. तुमची वीट पडायच्या आधी बघते कागद." त्याला वाटलं, आत्ता धरतो. बाईंनी चष्मा पुसला, शाई भरली, मामांना पाणी मागितलं. वीट पडली ती त्याच्या नव्या बुटावर. पेढे मात्र त्यानं परत नेले, याचं निलंगेकरांना पुढं बरेच दिवस वाईट वाटत होतं.

बाईंच्या तालमीला उघड उघड हसणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची आई. आम्ही सगळे तिला 'माय' म्हणायचो. रोज दुपारी ती लेकीचा डबा घेऊन यायची आणि ऊन उतरेपर्यंत व्हरांड्यात बसायची. बहात्तरच्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती आणि त्यावर लेकीला शाळेत ठेवलं होतं. तिच्या तळहातावर अजून घट्टे होते. चार वाजता आम्ही ओळीनं उभे राहून ट्यूब दाबायला लागलो, की ती पदर तोंडाला लावायची.

"बया बया! लेकीच्या हाताला घट्टे पडू नयेत म्हनून तिला शिकिवली, अन ही आता मानसं गोळा करून घट्टे पाडायलीय. ते बी फुकट!"

"माय, घट्टे पडू नयेत म्हणलीस," बाई म्हणायच्या. "हात मऊ पडू दे असं कुटं म्हणलीस?"

"अन त्या ज्वारीत हात का घालायलेत? खायची वस्तू हाय ती."

"किडकी हाय."

"मग त्येंच्या हाताला किडे चावतील की."

यावर माय इतकी हसायची, की आमच्या मुठी सुटायच्या आणि बाई दोघांवरही रागवायच्या, मायवर आणि आमच्यावर.

साहेब आमच्याकडं आले ते त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. तरुण, सडपातळ, मृदू बोलणारे. त्यांची सही बघण्यासारखी होती. आधी एक लांब वेलांटी, तिच्यातून दोन वळसे, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. एखाद्या लग्नपत्रिकेवर शोभावी अशी. पण नव्या जिल्ह्यात प्रत्येक गोष्ट नव्यानं करायची होती आणि प्रत्येक गोष्टीवर सही लागत होती. त्यात दुष्काळ. सकाळी त्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग लागायचा आणि संध्याकाळी मामा तो उचलून नेईपर्यंत दुसरा तयार असायचा.

महिन्याभरात सहीतलं एक टिंब गेलं. मग दुसरं गेलं. पुढं वळसे थरथरायला लागले. साहेब सही करता करता मध्येच थांबायचे, हात झटकायचे, पुन्हा सुरू करायचे. बाईंच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं.

"सायब, मूठ कमजोर पडली," त्यांनी निदान केलं. "काळजी करू नका. मी हाय."

साहेब भले माणूस. नाही म्हणायचं त्यांना जमत नसे. दुसऱ्या दिवसापासून चार वाजता त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून बाईंचा आवाज यायचा, "आणखी आवळा. आणखी!" आम्हाला तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. साहेबांना नव्हती. त्यांचं काम निकडीचं, असं बाईंनी ठरवलं होतं. सहीची तब्येत मात्र सुधारत नव्हती. साहेबांचा हात दिवसेंदिवस आखडत चालला होता आणि बाई दिवसेंदिवस जाड ट्यूब आणत होत्या.

एक दिवस दुपारी निलंग्याकडच्या एका गावाची माणसं आली. दोन म्हातारे आणि कडेवर लेकरू घेतलेली एक तरणी सून. गावची विहीर पार तळाला गेली होती. आदल्या दिवशी विहिरीत उतरलेल्या एकाचा पाय मोडला होता. प्रस्ताव मंजूर होता, टँकर भरून बाहेर उभा होता. चालवणारा स्टिअरिंगवर बसून होता. पण आदेशावर सही झाल्याशिवाय तो हलणार नव्हता, आणि त्याचंही चूक नव्हतं. दुसरे अधिकारी दौऱ्यावर. सही साहेबांचीच लागणार होती.

साहेबांनी पेन टेकवलं. वेलांटी अर्धी झाली आणि हात थांबला. बोटं पेनावर अशी मिटली, की ती त्यांना उघडेनात. कागद फाटला. मी दुसरी प्रत लिहून आणली. तीही फाटली. तिसऱ्या प्रतीवर शाईचा डाग पडला. बाहेर टँकरच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं, ते सुनेला दारातून दिसत होतं. ती लेकराला या कडेवरून त्या कडेवर घेत होती, पण तिची नजर तिथून हलत नव्हती.

"सायब, दम धरा," बाई म्हणाल्या. "घट्ट धरा. आणखी घट्ट..."

"बाई, घट्टच धरतोय हो," साहेब अगदी हळू म्हणाले. "तेच तर होतंय."

त्यांच्या पेनाची नीब वाकली होती.

बाईंनी पुढं होऊन साहेबांचा हात हातात घेतला, खिडकीच्या उजेडात नेला आणि चष्मा वर सारून बघितला. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. बोटात पेनाची खोल चीर उमटली होती. त्यांनी ती बोटं एक एक करून उघडली, आणि आम्ही सगळे, ती गावची माणसं, व्हरांड्यातून उठून आलेली माय, अशा सगळ्यांसमोर म्हणाल्या,

"माझं चुकलं, सायब. तुमची मूठ कमजोर न्हाईच. तुमी पेनाचा गळा दाबून राहिलात. अन मी तुमाला आणखी दाबायला शिकवत राहिले."



मग बाईंनी पदर खोचला. माझं पेन घेतलं, त्याच्याभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ते मक्याच्या कणसाएवढं जाड केलं. साहेबांना खुर्चीतून उठवून उभं केलं. कागद टेबलावरून उचलून कपाटाच्या दारावर छातीएवढ्या उंचीवर टेकवला आणि स्वतः दोन्ही हातांनी दाबून धरला.

"आता बोटं इसरा. मनगट इसरा. खांद्यापासनं लिवा. भिंतीला चुना मारतो ना मानूस, तसं."

"अशी सही कशी येईल? ती जुळायला पाहिजे, बाई. माझी सही ठरलेली आहे."

"जिल्हा नवा हाय, सायब. सही बी नवी होऊ द्या."

साहेबांना एकदम हसू आलं. त्या हसण्यात बोटं सैल झाली ती तशीच राहिली. त्यांनी हात फिरवला. वेलांटी नाही, वळसे नाहीत, रेघ नाही. पाटीवर पोरानं काढावं तसं स्वतःचं नाव, मोठ्या गोल अक्षरांत. कागदाचा पाव भाग सहीनंच भरला.

सुनेनं तो आदेश हातात घेऊन बघितला. "लई टपोरी सही हाय," ती म्हणाली. "लांबून बी दिसल."

टँकर सुरू झाला. दोघा म्हाताऱ्यांना केबिनमध्ये जागा मिळाली, सूनही लेकरासकट कशीबशी आत शिरली. ऑफिस सुटेपर्यंत साहेब कपाटापाशी उभे राहून सह्या करत होते आणि बाई कागद धरत होत्या. मध्येच साहेबांची बोटं आखडायला लागली, की बाई फक्त "चुना" म्हणायच्या. पुढं डॉक्टरांनीही विश्रांती सांगितली, पेन जाडच ठेवा म्हणाले. नव्या सहीचा नमुना जिकडं तिकडं पाठवला गेला.

इथं खरं म्हणजे सगळं गोड व्हायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी चार वाजले आणि बाई उठल्याच नाहीत. कपाटावरचं सामान नाहीसं झालं होतं. ट्यूब, विटा, रबरं, सगळं एका पोत्यात बांधून त्यांनी कोपऱ्यात लोटलं होतं. घमेल्यातली ज्वारी बाहेरच्या चिमण्यांना टाकली होती.

आम्ही त्या तालमीला आडून काय काय नावं ठेवली होती! निलंगेकर तर तिला बिनपगारी रोजगार हमी म्हणायचे. आता चार ते सव्वाचार काय करायचं ते कुणाला कळेना. उदगीरकर पेपर वाचायला घेत आणि नकळत त्याचा बोळा करत. बाई मान खाली घालून लिहीत राहायच्या. प्रस्ताव बिनचूक निघत होते, पण त्यांना आमच्यातल्या कुणाचं काही खटकेनासं झालं होतं. माझ्या एका मसुद्यात दोन गावांची अदलाबदल झाली, तर त्यांनी ती न बोलता दुरुस्त केली. मला त्याची धास्ती वाटली.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "बाई, तुमच्यामुळं माझा हात चालायला लागला."

"आधी माझ्यामुळंच बंद पडला होता," बाई म्हणाल्या आणि सहीचे कागद पुढं केले.

मग निलंगेकरांनी मनगट दुखत असल्याची तक्रार केली. खोटी होती, पण कळवळून केली. बाई म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवा. मला त्यातलं काय मालूम?"

डबा घेऊन आलेली माय त्या दिवशी आमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. नेहमीसारखी हसत नव्हती.

"घरात बी गप हाय," ती म्हणाली. "माझ्यासंग भांडत न्हाई. काल भाकर करपली माझ्या हातनं, तरी गुमान खाल्ली. असं कसं चालंल? तुमी शिकले सवरलेले ना? करा की कायतरी."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. प्रस्ताव लिहायला सांगितला असता तर तिघांनीही लगेच लिहिला असता. याच्यावर काय करतात, ते आम्हाला माहीत नव्हतं.

आठवड्यातून एकदा ऑफिसच्या टाकीसाठी टँकर यायचा. गोदामाचं फाटक अरुंद, त्यामुळं तो रस्त्यावरच थांबायचा. मामा आणि एक रोजंदारीवरचा माणूस बादल्यांनी पाणी आत आणायचे. त्या दिवशी तो माणूस आलाच नाही. मामांची कंबर धरलेली. टँकरवाला घाई करत होता, त्याला पुढं जायचं होतं. तेव्हा आम्ही तिघं उठलो. कुणी काही ठरवलं नव्हतं. दोन्ही हातांत एक एक भरलेली बादली घेतली आणि फाटकातून आत निघालो.

बादलीच्या कडीनं बोटं कापायला लागली. मी खांदे वर उचलून, पाय फेंगडे टाकत चाललो होतो. निलंगेकर एका बाजूला कलले होते. उदगीरकरांच्या बादल्या त्यांच्या गुडघ्यांवर आपटत होत्या आणि प्रत्येक आपटण्यासरशी पाणी उसळत होतं. आमच्या मागं मातीत ओली वाट पडत चालली होती. एक कुत्रं कुठून तरी आलं आणि ती चाटायला लागलं.

खिडकी धाडकन उघडली.

"अवो! पानी सांडायलंय, पानी! काय मानसं हायेत का कोन? अर्धापूर, खांदे खाली! कानाला का लावलेत? कडी बोटाच्या टोकात धरत्यात का? तळव्यात घ्या, तळव्यात! निलंगा, सरळ चला, वरातीत हाव का तुमी?"

आणि बाई खिडकीतून दिसेनाशा झाल्या, दारात दिसल्या, पायरी उतरल्या. पदर खोचलेला होता. उदगीरकरांच्या हातातल्या बादल्या त्यांनी काढून घेतल्या आणि चालत टाकीपर्यंत गेल्या. त्यांच्या बादलीतलं पाणी हललंसुद्धा नाही. टाकीत बादल्या रिकाम्या करून त्या वळल्या तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता.

"हे काय शिकिवलं होतं का मी? उद्यापासनं आधी रिकाम्या बादल्या घेऊन चालायचं. चार वाजता. अन सायबाला सांगा, त्येंनी यायचं, पन नुसतं बघायचं."

व्हरांड्यात मायनं पदर तोंडाला लावला होता. तिचे खांदे हलत होते.

ऑफिसात पुढं अशी आवई उठली, की बाईंना बाहेर काढायला टंचाई शाखेच्या लोकांनी मुद्दाम पाणी सांडलं. साहेबांनी तर आमच्या युक्तीचं कौतुकही केलं, आणि आम्ही ते घेतलं. पण दुष्काळात मुद्दाम पाणी सांडायची छाती आमच्यात कुणाचीच नव्हती. बादल्या उचलणं आम्हाला खरोखर तेवढंच येत होतं.